तिसरा हिस्सा

१२ सप्टेंबर २०२२, सोमवार

आज अबू वासिम आला. ईद नाही, घरात कुणी आजारी नाही, आणि माझा थोरला भाऊ भर सकाळी माझ्या दारात. मी आधी घाबरलेच. त्याचं खरं नाव फख्री, पण वासिम जन्मला तेव्हापासून सगळं गाव त्याला वासिमचा बाप म्हणूनच हाक मारतं. मीही.

कॉफी पुढे ठेवली. तो कपाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "परत नाकारलं."

म्हणजे फाटकाचा परवाना. बाबांची बासष्ट ऑलिव्हची झाडं कुंपणाच्या पलीकडे राहिली आहेत. कुंपण घातलं त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून स्वतःच्या झाडांकडे जायला इस्रायली लष्कराचा कागद लागतो. अबू वासिमला तो शेवटचा मिळाला तीन वर्षांपूर्वी. त्यानंतर दरवेळी एकच ओळ येते, 'सुरक्षेचं कारण'. विसाव्या वर्षी दगड मारले म्हणून तो चार महिने तुरुंगात होता, तेच ते कारण.

"चोपन्नाव्या वर्षी मी काय दगड मारणार?" तो म्हणाला. "दगड उचलायला वाकलो तर मलाच उचलायला चार शिपाई लागतील. पाठवा म्हणावं."

हसलो दोघंही. बऱ्याच दिवसांनी. मग त्याने खरी गोष्ट काढली. पलीकडच्या टेकडीवरच्या यहूदी वसाहतीची लाल छपरं दरवर्षी थोडी खाली उतरतात. वकील म्हणाला, तुर्कांच्या काळचा कायदा अजून चालतो. तीन वर्षं जमीन कसली नाही तर ती सरकारजमा करता येते. हे तिसरं वर्ष. वासिमचाही अर्ज दोनदा परत आलाय, पंधराव्या वर्षी कुठल्याशा मोर्चात त्याचा फोटो निघाला होता म्हणून.

"तुझ्या नावावर मात्र काही नाही," तो म्हणाला. "तुझी पाटी कोरी."

"पण मी कुठल्या हक्काने अर्ज करू? माझं तिथे काहीच नाही. मी सही दिलीय."

तो कप फिरवत राहिला. "बघू त्याचं," एवढंच म्हणाला.

जाताना दारात थांबून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा गेले तेव्हाही असाच ठेवला होता. म्हणून आज ही वही काढली. शाळेत मी भूगोल शिकवते, तिथे मुलींना वाटून उरलेली आहे, पहिल्या पानावर कुणीतरी नाईल नदी अर्धीच काढून ठेवलीय.

१५ सप्टेंबर

जुमानाला सांगितलं. जुमाना माझी मुलगी, नाब्लुसला शिकते, गुरुवारी घरी येते आणि शनिवारपर्यंत माझ्याशी भांडते. तिचे वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे भांडायला तिला दुसरं कुणी नाही.

"म्हणजे खालोला आता तुझी आठवण आली," ती म्हणाली. मामाला ती खालो म्हणते आणि एरवी त्या शब्दात लाड असतो.

"तोंड सांभाळ. तुझा मामा आहे तो."

"यम्मा, तू सही केलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला कुनाफ्याची मिठाई आठवते. मोठा थाळा आणला होता त्यांनी. मला वाटलं होतं कुणाचं लग्न ठरलंय."

तिला काय सांगू? बाबांचा चाळिसावा झाला आणि त्याच आठवड्यात आम्ही काझीच्या कचेरीत गेलो. शरियतप्रमाणे भावाचे दोन आणि बहिणीचा एक, म्हणजे जमिनीचा तिसरा हिस्सा माझा होता. पण आमच्याकडे चांगल्या घरच्या बहिणी तो घेत नाहीत. आईने घेतला नव्हता, आत्याने घेतला नव्हता. जी घेते तिच्याकडे विहिरीवर बायका कशा बघतात ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. काझीने तीनदा विचारलं, "राजीखुशीने ना?" मी तीनदा हो म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला, चांगल्या मुलीचा निघतो तसा. मग भावाने माझ्या हातात सोन्याची बांगडी चढवली. बहीण राजीखुशीने हक्क सोडते तेव्हा असं काहीतरी देतात. तेव्हापासून ती हातातून निघालेली नाही. हात जाडही झालाय.

"एका बांगडीत वीस झाडं," जुमाना म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

२५ सप्टेंबर

पुन्हा काझीची कचेरी. अकरा वर्षांत भिंतीचा रंग बदललाय, पंखा तोच आहे. यावेळी माझा तिसरा हिस्सा परत माझ्या नावावर करायचा, म्हणून तीनदा भावाला विचारलं, "राजीखुशीने ना?"

पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा हो म्हणाला. तिसऱ्यांदा घसा खाकरून म्हणाला. सही करताना अर्ध्या नावावर तो थांबला, मग पुढचं लिहिलं. बाबांची आठवण आली असणार. मला भरून आलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "हे आपल्यात राहू दे हं, सुहैला. फाटकापुरतं आहे."

"फाटकापुरतंच," मी म्हटलं.

११ ऑक्टोबर

परवाना आला! माझा मालकाचा आणि जुमानाचा शेतमजुराचा. अबू वासिमचं तोंड उतरलं असं मला क्षणभर वाटलं, पण तो म्हणाला, "चला, बाबांची झाडं वाचली," आणि पायऱ्या उतरून गेला. चहासुद्धा घेतला नाही. सुगीची किती कामं असतात त्याला.

जुमाना स्वतःचा परवाना उलटसुलट करून बघत होती. "मजूर," ती म्हणाली. "माझी मालकीणबाई, जेवायची सुट्टी किती वेळ?"

१७ ऑक्टोबर, सोमवार

अंग इतकं दुखतंय की बोटंसुद्धा लिहायला नको म्हणतात. पण आजचं लिहायलाच हवं.

सुगीत फाटक आठवड्यातून तीन दिवस उघडतं. सकाळी सातला पाऊण तास, संध्याकाळी चारला पाऊण तास. मधल्या वेळात माणूस पलीकडे, आणि फाटक बंद. आम्ही सहालाच रांगेत उभ्या राहिलो. पुढे अबू रियाद होते, त्यांचं गाढव सोडलं पण शिडी अडवली. ते गाढवाला म्हणाले, "जा बाबा, तू तोड. तुझा परवाना झालाय."

माझी पाळी आली आणि यंत्र ओरडलं. बांगडी.

"काढ," शिपाई म्हणाला. पोरगेलासा, नाकावर ऊन लागून साल निघालेली.

"निघत नाही. अकरा वर्षं झाली."

"मग आत नाही."

मी ओढली, थुंकी लावली. मागची रांग कुरकुरायला लागली. मग जुमानाने डबा उघडला, भाकरीबरोबर खायच्या तेलाची बाटली काढली आणि भर रस्त्यात माझ्या मनगटावर ओतली. बांगडी सटकन निघाली, इतकी सहज की मीच दचकले. हातावर पांढरा पट्टा राहिला होता.

झाडं. काय सांगू. तीन वर्षांत बुंध्यांभोवती इतके फुटवे आले होते की खोड दिसत नव्हतं. गवत कमरेइतकं. वरच्या अंगाची सात झाडं कुणीतरी करवतीने कापली होती, व्यवस्थित, एका उंचीवर. त्यांच्यापासून दोनशे पावलांवर लाल छपरांचं पहिलं घर, अंगणात लहान मुलांची घसरगुंडी. मी पंचावन्न मोजली आणि परत मोजली.

बाबा ज्याच्याखाली जेवायला बसायचे ते झाड शाबूत आहे. त्याच्या सावलीत आम्ही चादर अंथरली आणि पहिली फांदी हातांनी पिळली. दाणे चादरीवर पडतात तो आवाज मी विसरले होते. जुमानाने सगळी सकाळ एकही भांडण काढलं नाही. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

२० ऑक्टोबर

फाटकाजवळ एक यहूदी म्हातारी येते. सत्तरीची असेल. तिर्त्सा नाव. फाटक उघडलं नाही की लष्करात फोन करून भांडते, आणि उघडलं की कुणाच्याही झाडांवर हात चालवायला येते. अरबी बोलते, पण शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तशी.

आज ती आमच्याकडे आली. जुमानाने तोंड फिरवलं. "आली पुण्य कमवायला," ती माझ्या कानात म्हणाली. "आपली झाडं तोडायची त्यांनीच, आणि आपल्यासाठी रडायचं पण त्यांनीच."

तिर्त्सा ऐकून म्हणाली, "रडायला नाही आले, पोरी. माझे गुडघे दुखतात, मला खालच्या फांद्या दे."

जुमानाला हसू आवरलं नाही, म्हणून ती झाडावर चढली.

दुपारी मी तिर्त्साला परवाना दाखवला. अर्धा अरबी आहे, पण वरची ठळक ओळ हिब्रूत. "यात काय लिहिलंय?"

तिने चष्मा लावला. "तुझं नाव. आणि पुढे, जमिनीची मालक."

"परत वाचा."

तिने परत वाचलं.

मी कागद घडी करून छातीशी ठेवला. चाळीस वर्षं ह्या झाडांखाली माझं जाणंयेणं, पण मी मालक आहे असं मला ना कधी बाबांनी सांगितलं, ना भावाने, ना काझीने. सांगितलं ते ज्यांनी कुंपण घातलं त्यांनी. त्यांनी तरी कशासाठी, तर मला अडवताना नोंद बरोबर असावी म्हणून. याचा आनंद करायचा की मान खाली घालायची, मला कळेना. लाज वाटते, पण आनंद झाला.

२७ ऑक्टोबर

आज संध्याकाळी चारला फाटक उघडलं नाही. साडेचार, पाच. बारा माणसं, गोण्या आणि एक गाढव, सगळी तारेला लागून बसलो. आपलं घर समोर दिसतंय, गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतायत, आणि जाता येत नाही. अबू रियाद तारेपलीकडच्या आपल्या सुनेला ओरडून सांगत होते, "भात झाकून ठेव! आणि लिंबू कापू नकोस एवढ्यात!"

तिर्त्सा फोनवर भांडून थकली आणि माझ्याशेजारी बसली. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, राहता कुठे. तिने आपल्या किब्बुट्झचं, म्हणजे त्यांच्या सामुदायिक शेतीच्या वसाहतीचं, नाव सांगितलं. इथून पश्चिमेला, किनाऱ्याकडे, वीस मिनिटांवर.

"आमच्या जेवणघरामागे जुनी संत्री आहेत," ती म्हणाली. "आम्ही आलो त्याच्या आधीची. आंबट झालीत, कुणी तोडत नाही."

त्या जागेचं जुनं नाव मला पाठ आहे. माझ्या आजोबांची बाग तिथे होती. अठ्ठेचाळीसच्या लढाईत ते बायकापोरांना घेऊन वर ह्या गावी आले, पंधरा दिवसांसाठी. दोन वर्षांनी संत्री पिकली असतील म्हणून एकटेच सीमा ओलांडून खाली गेले. परत आले ते मांडीत गोळी आणि सदऱ्यात अकरा संत्री घेऊन. त्या वेळच्या कागदात त्यांना 'घुसखोर' म्हटलंय. ते मरेपर्यंत लंगडत होते आणि दर हिवाळ्यात म्हणत, "अकरा तरी आणली."

हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिर्त्साच आधी बोलली. "मी इथे येते म्हणून माझी धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही. वीस वर्षं झाली. तिचा नवरा बसमध्ये गेला. दोन हजार दोनमध्ये. तो स्फोट."

मला तो दिवस आठवतो. आम्ही संचारबंदीत कोंडलेले होतो, रेडिओवर बातमी आली, आणि आमच्या गल्लीत कुणीतरी मिठाई वाटली. मी घेतली होती की नाही ते आठवत नाही.

खोटं कशाला लिहू, ही माझीच वही आहे. आठवतं. घेतली होती.

साडेपाचला जीप आली. शिपाई म्हणाला, किल्ली दुसऱ्या जीपमध्ये राहिली होती. आजोबांचं मी तिर्त्साला सांगितलं नाही. मिठाईचंही नाही.

१२ नोव्हेंबर

तेल निघालं. अठ्ठावीस झाडांपर्यंतच आमचे हात पोचले, बाकीची तशीच राहिली. तरी घाण्यावर हिरवी धार पडायला लागली तेव्हा सगळे पुढे सरसावले. अबू वासिम तिथे होता. त्याने गरम भाकरीचा तुकडा धारेखाली धरला आणि पहिला घास मला दिला. सगळ्यांसमोर.

डबे त्याच्या गाडीतून त्याच्या घरी गेले. संध्याकाळी त्याने माझ्याकडे दोन डबे पाठवले, दरवर्षी बहिणीला पाठवतो तसे. अगदी काठोकाठ भरलेले. मी जुमानाला म्हटलं, बघ, किती मनाने भरलेत.

जुमानाने माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. "यम्मा," ती म्हणाली, "ती तुझीच ऑलिव्हं होती." आणि मग, "जाऊ दे."

हाताची साल निघालीय. बांगडी परत चढत नाही. कपाटात ठेवली.

९ फेब्रुवारी २०२३

दोन दिवसांसाठी फाटक उघडलं आणि नांगरणी झाली. अबू रियादचं गाढव आणि मी. तीन वर्षांचं ते गणित आता मोडलं. जमीन कसली गेलीय. त्यांच्या विमानातून फोटो काढतात म्हणे. काढू देत. ओळीन्ओळ सरळ आहे.

१८ फेब्रुवारी

अबू वासिम आला. बायकोला घेऊन, बदामाच्या पेढ्यांसारख्या त्या मऊ मिठाईचा डबा घेऊन. मला कळायला हवं होतं.

"वासिमचं जमतंय," तो म्हणाला. "मुलीकडचे विचारतात, मुलाच्या नावावर काय आहे? अर्धवट कागद कसा दाखवायचा? तर आता ते फाटकापुरतं होतं, ते परत करून टाकू. सगळं एकदम वासिमच्या नावावर."

"करू की," मी म्हटलं. खरंच म्हटलं. मग विचार आला आणि मी विचारलं, "पण मग फाटकातून कोण जाणार?"

"ते नंतर बघू."

"तुला परवाना मिळत नाही, वासिमला मिळत नाही. माझं नाव गेलं की माझाही जाईल. झाडांकडे बघणार कोण?"

"झाडं काय पळून जातायत?"

"सात गेली ना. आणि तीन वर्षं पुन्हा पडून राहिली तर सगळीच नेतील."

त्याने माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात सांगितलं. "कॉफीच्या दुकानात काय बोलतात माहीत आहे? अबू वासिमने बहिणीच्या नावावर जमीन केली, आता बहीण त्याला दोन डबे तेल देते का? हसतात सगळे. सुहैला, जमीन त्यांनी नेली तर तो जुलूम. त्यात माणसाची मान खाली जात नाही. आपल्या आजोबांची गेली, कुणी हसलं नाही. पण बहिणीने घेतली तर..."

त्याच्या बायकोने मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी एक आठवडा मागितला. कशासाठी, मलाही ठाऊक नाही. भावाला नाही म्हणायची मला सवय नाही.

२२ फेब्रुवारी

जुमाना म्हणते, करू नकोस. शेजारीण म्हणते, करून टाक, भाऊ म्हणजे पाठीचा कणा, उद्या तुला कुणी बोललं तर कोण उभं राहील? दोघींचंही खरं आहे.

मला त्याचा राग येत नाही, हेच वाईट आहे. वीस वर्षं त्याला आपल्या जमिनीसमोर उभं राहून पोरसवदा शिपायांना रिकामे हात दाखवून विनवताना मी पाहिलंय. एकदा त्याला तारेपाशी दोन तास उन्हात बसवलं होतं, टोपी काढायला लावून. त्याच्याकडून त्यांनी सगळं काढून घेतलं. उरलं ते एवढंच, की बहिणीच्या वर तो आहे. तेही मी काढून घेऊ?

आणि तरी काल वर्गात नकाशा काढताना माझा हात आपोआप बासष्ट ठिपके काढत होता. मुली विचारत होत्या, बाई, ही कुठली शहरं?

२५ फेब्रुवारी

आज त्याच्या घरी गेले. जाताना कपाटातून बांगडी घेतली. ओढणीच्या टोकाला बांधून.

तो अंगणात बसला होता. मी बांगडी त्याच्या पुढच्या तिवईवर ठेवली.

"हे काय?"

"राजीखुशीची. परत आणलीय."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे सही नाही करणार."

"नाही. तेल सगळं तू ने. पहिला घास तुझा. लोकांना सांग की मी तुझ्या हुकुमाने जाते. पण नाव मी काढणार नाही, अबू वासिम. नाव काढलं तर फाटक बंद."

"कोणी शिकवलं हे? ती यहूदी बाई?"

"किल्लीवाल्या शिपायाने," मी म्हटलं. मला ते का सुचलं कोण जाणे.

तो उठला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बांगडी उचलली, फुंकर मारून धूळ उडवली, खिशात टाकली आणि म्हणाला, "ठीक आहे. आजपासून तुला फाटक आहे. माझं दार नाही."

मी घरी कुठल्या रस्त्याने आले, आठवत नाही.

२१ एप्रिल, ईद

नमाजानंतर भाऊ आधी बहिणीकडे जातो, मग बाकीच्यांकडे. बहिणी आपला हिस्सा सोडतात आणि त्याबदल्यात दर ईदला ही पावलं दारात येतात. असं कुणी बोलून दाखवत नाही, पण गल्लीतल्या सगळ्या बायका सकाळी कान देऊन बसलेल्या असतात, कुणाच्या दारात आली, कुणाच्या नाही.

ईदची मामूल बिस्किटं केली होती, आत खजूर जास्त घालून, त्याला आवडतात तशी. कॉफी तीनदा गरम केली. साडेदहाला त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. मी उठून ओढणी सारखी केली. गाडी सरळ पुढे गेली.

जुमाना म्हणाली, "मी आहे ना, यम्मा. मीच येते भाऊ होऊन." बाहेर गेली, दार वाजवलं, आत येऊन जाड आवाजात म्हणाली, "कुल आम वंती बखैर, ईद मुबारक, बहिणी. कॉफी गार का?"

हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

२८ जून

मोठी ईद. कुर्बानीचं मांस नाही आलं. वासिमचं लग्न मोडलं असं शेजारीण सांगत होती. माझ्यामुळे, असंही.

४ सप्टेंबर

झाडं बघून आले. यंदा लगडलीत! छाटणी आणि नांगरणी मानवली. फांद्या जमिनीला टेकल्यात. असा बहर बाबांच्या हयातीत दोनदाच आला होता. कापलेल्या सातपैकी चारांना बुडातून धुमारे फुटलेत, माझ्या गुडघ्याइतके उंच.

हे कुणाला जाऊन सांगावं? एकाच माणसाला ह्याचा अर्थ कळला असता.

६ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार

मशिदीच्या दारावर यादी लागली. फाटक सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी सातला. यंदा आठवड्यातून तीनऐवजी चार दिवस उघडणार म्हणतात. चादरी धुऊन गच्चीवर घातल्यात. जुमानाने सोमवारची सुट्टी काढलीय, आणि तिच्या चार मैत्रिणी मजुरीच्या परवान्यावर येतायत. ह्या वेळी पंचावन्नच्या पंचावन्न होतील.

तिर्त्साचा फोन आला होता. आवाज अगदी वेगळा. तिच्या बहिणीने स्वतःहून बोलावलंय, वीस वर्षांनी. उद्या सात तारखेला त्यांचा सण आहे. बहीण दक्षिणेला असते, गाझाच्या कुंपणाला लागूनच तिचा किब्बुट्झ. "आज निघतेय," ती म्हणाली. "दोन दिवस राहीन. तिला सगळं सांगणार आहे, तुझ्या झाडांचंसुद्धा. सोमवारी फाटकावर भेटू. खालच्या फांद्या माझ्या, लक्षात आहे ना?"

मी हो म्हटलं. आणि मनाशी ठरवलं, सोमवारी जेवताना तिला आजोबांच्या संत्र्यांचं सांगायचं. मिठाईचंही. एवढी वर्षं पोटात ठेवून काय करायचंय.

आणि आज सकाळी दार उघडलं तर भिंतीला बाबांची लाकडी शिडी टेकवलेली. अकरा पायऱ्यांची, ती त्यांच्या मागे अबू वासिमकडेच असायची. कुणी आणली, कधी आणली, काही आवाज आला नाही. तुटलेल्या चौथ्या पायरीच्या जागी नवी ठोकलीय, लाकूड अजून पांढरं आहे.

मी तिच्यावर हात फिरवत किती तरी वेळ उभी होते. एकदम जाऊन त्याचे आभार मानावेत असं वाटलं, पण घाई करायला नको. आधी तेल निघू दे. पहिल्या धारेखालची भाकरी घेऊन मी स्वतः त्याच्या दारात जाईन.

परवान्याची मुदत एकतीस डिसेंबरपर्यंत आहे. आता भरपूर वेळ आहे.